आप्पांचा आरोपी

परवा इंदिरानगरच्या चौकात यंदाची पहिली द्राक्षांची गाडी लागली. मी यादी घेऊन निघाले होते: मेथी, गाजर, लिंबं, आईच्या बीपीच्या गोळ्या, गॅसच्या शेगडीचं बटण. यादीबाहेरचं मी सहसा काही घेत नाही. पण गाडीवाल्याने एक घड देठाला धरून उन्हात उचलला आणि मण्यांमधून उजेड आरपार गेला, तशी मी थांबले.

“अजून आंबट असतील,” मी म्हटलं.

“खाऊन बघा ताई, मग नावं ठेवा.”

आंबटच होती. तरी घेतली.

घरी आले तर आईने पिशवीतून भाजी काढायच्या आधी द्राक्षं काढली, धुतली आणि वाटी-सुरी घेऊन बाल्कनीत बसली. एकेक मणी घ्यायचा, नखाने देठाकडची साल उचलायची, साल ओढून काढायची, मणी उभा चिरायचा, मग पुन्हा चिरायचा. मी म्हटलं, “आई, आता सोलायची काही गरज नाही. आपल्याला दात आहेत.”

“हाताला वळण लागलंय ते,” ती म्हणाली. “तू खा तुझी सालासकट.”

गेल्या पावसाळ्यात आप्पा गेले. माझे वडील. त्यांना अख्खी द्राक्षं चालत नव्हती. घशात अडकायची भीती होती. म्हणून आई सोलून, चिरून द्यायची. हे सुरू झालं त्या एका हंगामात. तो हंगाम मला दरवर्षी द्राक्षांबरोबर परत मिळतो, मागितला नाही तरी.

बाहेरगावच्या लोकांना वाटतं नाशिकची थंडी म्हणजे गंमत. स्वेटर, मिसळ, धुकं. ज्यांच्या बागा आहेत त्यांना विचारावं. निफाडकडे पारा उतरला की ते लोक पहाटे बागेत जागोजाग शेकोट्या पेटवतात. धूर वेलींखाली पसरतो आणि त्या उबेवर मणी तडकायचे वाचतात. लहानपणी एकदा आप्पा मला अशा पहाटे घेऊन गेले होते. त्यांना बातमी हवी होती आणि मला शाळेला सुट्टी होती. ओळीओळीने पेटलेल्या त्या लहान लहान आगी, त्यांच्यामधून कांबळं पांघरून फिरणारी माणसं. कोणी फारसं बोलत नव्हतं. मी आप्पांना विचारलं, “एवढ्याशा आगीने काय होणार?” ते म्हणाले, “काही न करण्यापेक्षा जास्त होतं.” आप्पांची वाक्यं अशीच असायची. छोटी आणि छापायला तयार.

बोलणं हाच त्यांचा धंदा होता. इथल्या एका स्थानिक दैनिकात ते गुन्हेवार्ताहर होते. पोलीस चौक्या, सिव्हिल हॉस्पिटल, कोर्ट, पुन्हा चौकी. आधी सायकल, मग स्कूटर. माणसाला बोलतं करण्याची कला त्यांच्याकडे होती. चहाची टपरी, पानाची गादी, शवागाराबाहेरचं बाकडं, कुठेही. फक्त घरी आले की दमलेले असत. घरात ते बातमीदार नव्हते, वाचक होते: पेपर उघडून बसायचे.

त्या वर्षी दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, आणि एका सकाळी आप्पांच्या हातून चहाचा कप पडला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढला जाऊ लागला, आणि बोलणं थांबलं. ऐकू येत होतं, कळत होतं, डोळे पूर्वीसारखेच सगळं टिपत होते. पण शब्द येत नव्हते. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “पहिले काही महिने महत्त्वाचे. जे परत यायचं त्यातलं बरंचसं तेव्हाच येतं. बसवून ठेवू नका, बोलतं ठेवा.”

बोलतं ठेवा, हे काम माझ्या यादीत पहिल्या ओळीवर गेलं. आई-आप्पांना पंचवटीतून माझ्याकडे आणलं. फ्रिजवर वेळापत्रक लावलं. औषधं निळ्या पेनाने, व्यायाम हिरव्या, बोलण्याचा सराव लाल. मी एका कारखान्याच्या भांडार विभागात काम करते. कुठली वस्तू कुठल्या फडताळात आहे आणि कधी संपणार, हे मला झोपेतही सांगता येतं. माझा समज असा होता, की शब्दही कुठल्या तरी फडताळात असतील, फक्त नीट शोधले पाहिजेत.

वाणी-उपचारांसाठी सबा यायची. जुन्या नाशकातली, तिशीच्या आतली मुलगी, स्कूटीवरून येताना नाकापर्यंत मफलर गुंडाळलेला. तिच्या पिशवीत चित्रांचे पत्ते असत. कप. चमचा. चप्पल. झाड. “काका, हे काय आहे?” आप्पा बघायचे, तोंड उघडायचे, कपाळावर शीर यायची, आणि बाहेर यायचं ते “त... त... त.” कप असो वा झाड. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने पत्ता घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. सगळे पालथे.

“रागावलेत,” मी म्हटलं.

“बरोबरच आहे ताई,” सबा म्हणाली. “कपाला कप म्हणायची परीक्षा काका पहिलीत पास झालेत.”

विचित्र गोष्ट अशी, की संध्याकाळी आई देवापाशी आरती म्हणायची तेव्हा आप्पा मागून अख्खी आरती म्हणायचे. स्पष्ट, सुरात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वयंपाकघरातून धावत आले, हातात पीठ. वाटलं, आलं परत. आरती संपली, मी विचारलं, “आप्पा, पाणी देऊ?” आणि पुन्हा “त... त.” सबाने समजावलं, की पाठ झालेलं वेगळ्या वाटेने येतं, स्वतःचं बोलणं वेगळ्या. एक वाट उघडी आहे, दुसरीवर दरड आहे. आईने ते शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “म्हणजे देवाशी बोलतात, माझ्याशी नाही.”

खरं तर त्या घरात कुणाचं काही पणाला लागलं असेल तर ते आईचं. मी ऑफिसला जायचे. माझा नवरा सुनील ओझरच्या विमान कारखान्यात, पहाटे कंपनीच्या बसने निघायचा. घरात दिवसभर ती दोघं. आयुष्यभर बाहेर असलेला नवरा शेवटी पूर्णवेळ घरी आला होता, आणि आला तो मुका. ती त्याच्यासमोर बसून भाजी निवडायची आणि एकटीच दोघांचं बोलायची. “कोथिंबीर महाग झाली म्हणताय? झालीच आहे. काय म्हणता, वरण पातळ? मग काल का नाही सांगितलं?” आप्पा ऐकायचे आणि खिडकीकडे बघायचे.

रात्रीच्या आठला आई एक मालिका बघायची. तिचं नाव कायतरी लांबलचक होतं. आमच्या घरात सगळे तिला ‘ती खुनाची’ म्हणत. मुंबईतला एक पत्रकार, समीर. एका बिल्डरचे घोटाळे शोधून काढतो. एके रात्री बिल्डरचा खून होतो आणि आळ समीरवर येतो. त्याची बायको मृदुला, टॉवरच्या बाराव्या मजल्यावर राहणारी आणि स्वयंपाक करतानाही पैठणी नेसणारी. एक गोड बोलणारी वकीलबाई, एक सतत चष्मा काढून पुसणारा इन्स्पेक्टर, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी तीन बाजूंनी तीन वेळा दाखवलेला एकच दचकलेला चेहरा. माझ्या वेळापत्रकात रात्री आठला लाल पेनाने ‘सराव’ लिहिलेलं होतं. आईने न सांगता सराव साडेसातवर ढकलला होता. मी ते पुसलं नाही. तिलाही काहीतरी हवं होतं.

आई द्राक्षं सोलत टीव्ही बघायची. आमच्या ओळखीचे एक बागाईतदार दिंडोरीकडून एक पेटी देऊन गेले होते. खोलीत द्राक्षांचा ओलसर गोड वास, तळपायाला गार फरशी, आप्पांच्या खांद्यावर घडी केलेली शाल. एका दिवशीच्या भागात समीर बिल्डरच्या फार्महाऊसवर पोचतो. दार उघडं. आत प्रेत. समीर वाकतो आणि शेजारी पडलेली सुरी उचलतो.

आप्पा खुर्चीत एकदम अस्वस्थ झाले. डाव्या हाताने त्यांनी आपला लुळा उजवा हात धरला आणि पाठीमागे नेऊ लागले. जमत नव्हतं. दात आवळून, पुढे झुकून, ते दोन्ही हात मागे न्यायला धडपडत होते. आई घाबरली. “पाठ दुखतेय का? वंदू, बघ गं, यांच्या पाठीत कळ आली.” मी उशी आणली. सुनीलने तेल कोमट केलं. आम्ही त्यांना पालथं निजवून पाठ चोळली. फिजिओथेरपीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, शेका. आम्ही शेकलं. आप्पा उशीत तोंड घालून “त... त...” करत होते, आणि आम्हाला वाटत होतं, किती हा त्रास.

दुसऱ्या दिवशी मालिकेच्या सुरुवातीला ‘मागील भागात’ दाखवलं. समीर वाकला, सुरी उचलली. आप्पांचे हात पुन्हा पाठीकडे. पुन्हा तेल, पुन्हा शेक.

तिसऱ्या दिवशी पगारे हवालदार आले होते. आप्पांचे जुने स्नेही, एकलहऱ्याकडचे. नोकरी सरकारवाडा पोलीस ठाण्यात केली, निवृत्तीनंतर आता शेळ्या पाळतात. त्यांना बघून आप्पांचा चेहरा उजळला खरा, पण बोलता येत नाही म्हटल्यावर दोघेही ओशाळल्यासारखे बसून होते. पगाऱ्यांनी शेळ्यांचं सांगून झालं, गुडघ्यांचं झालं. आठ वाजले. मालिका लागली, मागील भाग आला, सुरी उचलली गेली, आप्पांचे हात मागे गेले. आई उठली. “तेल आणते.”

“तेल कशाला?” पगारे म्हणाले.

“पाठ धरते हो त्यांची. रोज याच वेळेला.”

पगाऱ्यांनी एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा आप्पांकडे, आणि मांडीवर थाप मारून हसायला लागले. “वहिनी, पाठ नाय दुखत त्यांची. ते त्या पोराला सांगू राहिले. हात मागं घे म्हनून. गुन्ह्याच्या जाग्यावर आप्पा यायचे ना, तव्हा पहिलं काम काय, दोन्ही हात मागं. पंचनामा व्हईपर्यंत असंच उभं. कशाला बोट लावायचं नाय, म्हंजे उद्या कोनी बोट दाखवाया नको. नव्या वार्ताहर पोरांनाबी हेच शिकवायचे. आन् हा बघा, सुरीच उचलतो. आप्पा, हा पोऱ्या लय...”

“येडा,” आप्पा म्हणाले.

स्पष्ट. कुठेही न अडखळता. टीव्हीवर मृदुला किंचाळत होती, तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आप्पाही आपल्याच आवाजाने चकित झाल्यासारखे बसले होते. पगाऱ्यांनी उपरण्याने डोळे पुसले आणि पुन्हा म्हणाले, “लय काय, आप्पा?”

“येडा.”

आई तेलाची वाटी हातात घेऊन दारात उभी होती. “दोन दिवस पाठ चोळली मी,” ती म्हणाली.

सबाला दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा तिने पत्ते पिशवीत टाकले आणि पुन्हा कधी काढले नाहीत. त्याऐवजी ती साडेसातच्या सुमाराला यायला लागली आणि आमच्याबरोबर ‘ती खुनाची’ बघायला लागली. तिची पद्धत सोपी होती. वाक्य सुरू करायचं, शेवट सोडून द्यायचा. “काका, इन्स्पेक्टरने फार्महाऊसला लावायला हवं होतं...” “कुलूप.” “समीरने आधी फोन करायचा होता तो...” “वकील.” आणि आम्हाला तिने एक नियम घालून दिला: शब्द सुचवायचा नाही. कितीही वेळ लागू दे, तोंडात शब्द घालायचा नाही. “तुम्ही दिलात की तो तुमचा झाला. त्यांचा राहत नाही.” मला हा नियम पाळणं फार जड गेलं. मी आयुष्यभर लोकांची वाक्यं पुरी करत आले आहे. ऑफिसात त्याला कार्यक्षमता म्हणतात.

मालिकेत चुका इतक्या होत्या, की आप्पांना कामाचा तुटवडा पडला नाही. इन्स्पेक्टर समीरला पंचनाम्यावर पंच म्हणून सही करायला लावतो, तेव्हा आप्पांनी खुर्चीच्या हातावर डावा पंजा आपटला. “सही... नको.” का नको, हे सांगायला त्यांना अख्खी जाहिरात लागली. “पंच... कोर्ट. मग लिही... लिहिता नाही.” मला ते आठवलं. ते म्हणायचे, बातमीदाराने कधी पंच होऊ नये; एकदा सही केली की वर्षानुवर्षं कोर्टाच्या तारखा, आणि ज्या प्रकरणात तुम्ही साक्षीदार, त्याची बातमी तुम्ही कोणत्या तोंडाने लिहिणार? बघणाऱ्याने बघणारंच राहावं.

असे शब्द परतत होते. पंचनामा. जामीन. खोटं. उलटतपासणी हा एवढा मोठा शब्द एका संध्याकाळी तीन तुकड्यांत आला आणि सबाने टाळ्या वाजवल्या. सुनील कारखान्यातून आला, की बूट काढता काढता विचारायचा, “आज काय आलं?” आणि मग खुनी कोण यावर पैजा लागायच्या. “वकीलबाई,” सुनील म्हणायचा. “एवढं गोड बोलणारं माणूस निर्दोष नसतं.” आप्पा डोकं हलवायचे. “पुरावा?” ते विचारायचे. एका शब्दात जावयाचं तोंड बंद.

पण पाणी हा शब्द येत नव्हता. मीठ नाही, उशी नाही, दुखतंय नाही. घरातले शब्द कुठे अडकले होते कोण जाणे. आणि आईचं नाव. तिचं नाव सुमन. आप्पा तिला नावानेच हाक मारायचे, त्यांच्या पिढीत कमी जण मारत. आता ती समोर बसायची आणि हळूच म्हणायची, “अहो, मी कोण?” आप्पा तिच्याकडे बघायचे, ओठ जुळवायचे, “सु... सु...” आणि मग मान खाली.

“जामीन येतं,” ती एकदा मला स्वयंपाकघरात म्हणाली. आवाज साधाच होता, हात कणकेत होते. “आरोपी येतं, फरार येतं. चाळीस वर्षं ज्या लोकांत बसले त्यांचे शब्द आले. मी त्या लोकांत नव्हते, त्याला कोण काय करणार.”

मी म्हटलं, “आई, असं नसतं ते. मेंदूचं असतं.”

“मेंदूच म्हणतेय मी,” ती म्हणाली.

आता मागे वळून बघताना वाटतं, त्या मालिकेने आप्पांना का धरलं असावं. चुका हे एक कारण. पण कोर्टाच्या प्रसंगांत मी त्यांच्याकडे बघायचे. समीर पिंजऱ्यात उभा असायचा आणि वकीलबाई सांगायची, तू एक शब्द बोलायचा नाहीस. मग सगळे त्याच्याविषयी बोलायचे: तो असा होता, त्याने तसं केलं असणार, त्याला हेच हवं असणार. तो मान खाली घालून ऐकायचा. आमच्या घरात यापेक्षा काय वेगळं चाललं होतं? आप्पांना भूक लागली असेल. आप्पांना गार वाजत असेल. आप्पांची पाठ दुखतेय. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची बाजू लिहिली, त्याला स्वतःची मांडता येत नव्हती. समीरसाठी निदान पुढची तारीख तरी होती.

जानेवारी सरत आला. बागांमध्ये तोडणी जोरात सुरू झाली. ऑफिसच्या वाटेवर क्रेटनी भरलेले टेम्पो पुढे असायचे आणि मागे ताज्या फळाचा वास रेंगाळायचा. थंडी सकाळपुरती उरली. आणि एका सोमवारी आठ वाजता ‘ती खुनाची’ लागलीच नाही. तिच्या जागी लहान मुलांची नाचाची स्पर्धा. शुक्रवारी समीर तुरुंगात होता, मृदुला गजांपलीकडे रडत होती, ‘पुढील भागात’ म्हणून कसलं तरी दार उघडताना दाखवलं होतं. ते दार पुन्हा कधी उघडलं नाही.

मी वाहिनीच्या ग्राहक सेवेला फोन केला. तिकडची मुलगी म्हणाली, “मॅम, आपली तक्रार नोंदवली आहे. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?” मी विचारलं, “खून कोणी केला, एवढं सांगता येईल का?” ती हळू आवाजात म्हणाली, “मॅम, माझी आईपण तेच विचारतेय.”

आप्पांनी दोन-तीन दिवस वाट बघितली. आठ वाजता टीव्हीकडे तोंड करून बसायचे. नाचणारी मुलं बघून म्हणायचे, “समीर?” आम्ही सांगायचो, बंद झाली हो. मग त्यांनी खुर्ची खिडकीकडे फिरवून घेतली. आणि बोलणं थांबवलं. पुरतं. सबा वाक्यं सुरू करायची, ती तशीच हवेत लटकायची. मी पेपरातल्या गुन्ह्याच्या बातम्या वाचून दाखवल्या. त्यांनी डोळे मिटले. दुसऱ्या वाहिनीवरची एक पोलिसांची मालिका लावली; त्यांनी पुन्हा मिटले. पगाऱ्यांना बोलावलं, ते आले, त्यांनी जुन्या केसेस काढल्या. आप्पा ऐकून हसले, पण शब्द नाही. जिन्यात चप्पल घालताना सबा मला म्हणाली, “ताई, हे बंद पडू देऊ नका. आलेलं परत जाऊ शकतं. आणि दिवस हेच आहेत.” मला डॉक्टरांचं वाक्य आठवलं. फ्रिजवरच्या वेळापत्रकात आठची रांग मोकळी होती, आणि तिथे काय लिहावं हे मला पहिल्यांदाच सुचत नव्हतं.

परवा बाल्कनीत मी आईला म्हटलं, “ती मालिका आता मोबाईलवर मिळते. जेवढी झाली तेवढी सगळी. बघायची का?” ती मणी सोलत होती. म्हणाली, “नको. तिचा शेवट मला माहीत आहे.”

शेवट असा झाला. सबा जिन्यात बोलली त्याच आठवड्यातल्या एका संध्याकाळी, आठच्या सुमारास आईने टीव्ही बंद केला. आप्पांची खुर्ची खिडकीकडून स्वतःकडे वळवली. तिला ते वजन कसं झेपलं कोण जाणे. समोर स्टूल घेऊन बसली. मी आणि सुनील जेवणाच्या टेबलाशी होतो.

“अहो, ऐका,” ती म्हणाली. “खून कोणी केला ते मला कळलंय. त्याच्या बायकोने.”

आप्पांनी डोळे उचलले.

“मृदुलाने. पहिल्या दिवसापासून बघतेय मी. कुठे चोरी झाली, हा तिकडे. कुठे मेलं कोणी, हा तिकडे. नवरा कधी येतो ठाऊक नाही, कुठे जेवतो ठाऊक नाही. पोर कितवीत आहे, विचारा त्याला. बाईने सोसायचं तरी किती? मारलं तिने त्या बिल्डरला आणि ढकललं नवऱ्यावर. आत बसला म्हणजे निदान कळेल तरी, कुठे आहे तो.”

सुनील हसला. मीही हसले. आप्पा हसले नाहीत. ते आईकडे टक लावून बघत होते, कोर्टात बघायचे तसे.

“नाही,” ते म्हणाले.

इतक्या दिवसांतला पहिला शब्द. आईने पापणीही हलवली नाही.

“का नाही?”

“ती... नाही.”

“पुरावा?” आई म्हणाली. “त्या रात्री ती कुठे होती? कोणी बघितलं तिला?”

आप्पांच्या कपाळावरची शीर वर आली. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. आईचा धीर सुटला. ती शब्द द्यायला पुढे झुकली आणि मी लांबूनच मानेने नाही म्हटलं. ती मागे सरली. खाली रस्त्यावर कोणाची तरी रिक्षा सुरू होत नव्हती, तिची घरघर तेवढी ऐकू येत होती.

“घरी,” आप्पा म्हणाले. “घरी होती. जा... जागी.”

“तुम्हाला काय ठाऊक? नवरा तर बाहेर. घरात कोण होतं बघायला?”

आप्पांनी डावा हात उचलला आणि बोट दाखवलं. आमच्या खिडकीकडे नाही, टीव्हीकडे नाही; कुठेतरी लांब, गोदेपलीकडे.

“टाकी,” ते म्हणाले. “टाकीच्या... कोपऱ्यावरनं. दिवा दिसायचा.”

समीर बाराव्या मजल्यावर राहायचा. त्याच्या टॉवरजवळ कुठली टाकी नव्हती. पाण्याची टाकी होती ती पंचवटीत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. तिथून वळलं की आमच्या स्वयंपाकघराची खिडकी दिसायची.

आईचा आवाज खाली आला. “रोज?”

“रोज,” आप्पा म्हणाले. मग खूप वेळाने, एकेक शब्द तपासून ठेवल्यासारखं, “मग... बरं... वाटायचं.”

पदराने आईने आधी आप्पांच्या ओठाचा उजवा कोपरा पुसला, मग स्वतःचे डोळे.

“हे तेव्हा सांगायचं होतं,” ती म्हणाली. “तेव्हा तोंड चांगलं चालत होतं की तुमचं.”

आप्पांचा चेहरा डावीकडून हसला. उजवीकडून हसता येत नव्हतं.

“बरं,” आई गुडघ्यावर हात ठेवून उठत म्हणाली, “बायको निर्दोष. सोडा तिला,” आणि कुकर लावायला आत गेली.